आपला मानलेला प्रश्न

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. आज संत नगद नारायणांचं दर्शन घेऊन गडावर बसलो होतो. दसरा सरला की या पट्ट्यातली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात. मागं उरलेल्या लेकरांचं काय?

दीपक आणि कावेरी नागरगोजे या दांपत्यानं हा प्रश्न आपला मानला. बाबा आमट्यांच्या प्रेरणेनं 2000 साली त्यांनी शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीत ‘शांतिवन’ सुरू केलं. ऊसतोड मजुरांची, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं तिथं राहतात, शिकतात. जगण्याला अर्थ हवा म्हणून कुणी असं काम काढत नाही. समोरचं लेकरू उपाशी बघवत नाही, म्हणून काढतं. अर्थ मागून येतो, असं मला मनापासून वाटतं.

गडाला याल, तेव्हा आर्वीलाही जाऊन या.