वूल्व्हरहॅम्प्टनच्या विहारातील एक रविवार

लंडनला जाणारा आपला समाजबांधव किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घराला वंदन करतोच. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तेथे राहून शिकले. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन स्मारक केले. आम्हीही तेथे नतमस्तक झालो. मात्र आमच्या प्रवासाचे खरे चीज झाले ते पुढे, रेल्वेने सुमारे दोन तासांवर असलेल्या वूल्व्हरहॅम्प्टन शहरात.

हे शहर लोखंडी कारखान्यांचे. १९५० नंतरच्या दोन दशकांत जालंधर, होशियारपूर भागातील असंख्य पंजाबी माणसे येथे आली आणि ओतकामाच्या भट्ट्यांपुढे घाम गाळू लागली. त्यांत आंबेडकरी कुटुंबेही होती. १९५१ मध्ये बाबासाहेबांची सभा झाली, ते हेच जालंधर. येथे आल्यावर मार दुहेरी होता. १९६८ मध्ये याच शहराचे खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले. गोरे रंग पाहत आणि आपलेच देशबांधव जात विचारत. या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन बुद्धविहार उभा केला.

रविवारी आम्ही तेथे गेलो. दारातच 'जयभीम' झाला आणि परकेपण गळून पडले. आजी पंजाबीत बोलत होती, नातू इंग्रजीत उत्तरे देत होता, आणि आम्ही आमच्या मोडक्या हिंदीत. पण 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू झाले तेव्हा तिघांचे सूर एक झाले. मुलांचे पाली उच्चार थोडे इंग्रजी वळणाचे होते, परंतु पाठ अचूक होता.

जेवताना एका वृद्ध कामगाराने मनातले सांगितले. त्यांच्या मुलीला शाळेत बरोबरीच्या पंजाबी मुलींनी आडनावावरून जात विचारली होती. मुलगी इंग्लंडमध्ये जन्मलेली, तिला उत्तर ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "आम्ही सांगितले नाही, तर मुलांना त्यांची ओळख दुसरेच कोणी सांगतात, आणि शिवीसारखी सांगतात." तेव्हापासून घरातील प्रत्येक मूल बाबासाहेबांचे चरित्र वाचूनच मोठे झाले. आज नात मान वर करून सांगते, "आम्ही बौद्ध आहोत. आमचे बाबासाहेब याच देशात शिकले."

जात कोणी मुद्दाम शिकवत नाही. आडनावातून, सोयरिकीतून, कुजबुजीतून ती आपोआप मुलांपर्यंत पोहोचते, सातासमुद्रापारही. ब्रिटनच्या संसदेने २०१३ मध्ये जातिभेदाला समतेच्या कायद्यात आणण्याची तरतूद केली. पण २०१८ मध्ये तेथील सरकारने ती न राबवता न्यायालयीन निकालांवर भिस्त ठेवली. म्हणजे कायद्याचा लढा चालूच राहणार. धम्माचे मात्र तसे नाही. तो शिकवावाच लागतो, आणि तो शिकवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आपल्या घरांत भिंतीवर तसबीर आहे, जयंतीला निळा झेंडा आहे. पण आजोबांनी कोणती कामे सोडली, आजीने दीक्षेनंतर कोणते देव विसर्जित केले, हे आपल्या मुलांना ठाऊक आहे काय? भट्टीवर पाळी करून थकलेल्या माणसांनी परमुलखात रविवारचा एक तास मुलांसाठी राखला. आपल्या दारात तर विहार आहे. माता-भगिनींनो, येत्या रविवारी मुलांना हाताशी धरून तेथे जा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्यासमोर बोलते करा.

जयभीम!