पसरणीचा घाट आणि भरलेली घागर

गेल्या मे महिन्यात आम्ही चिरंजिवांच्या नव्या विजेच्या मोटारीतून पुण्याहून महाबळेश्वरला निघालो. बॅटरी 40 युनिटांची. वाईपर्यंत आकडा शहाण्या मुलासारखा वागला. पण पसरणीचा घाट लागला मात्र, टक्के भराभर उतरू लागले! सौ. मनातल्या मनात ढोल्या गणपतीला साकडे घालीत होती. पोहोचलो एकदाचे.

परतीच्या आदल्या रात्री मी बजावले, ‘‘शंभर टक्के भरून ठेव रे!’’

चिरंजीव हसले. ‘‘बाबा, 80 पुरे. ही बॅटरी नेहमी काठोकाठ भरली, उन्हात तापवली, नाहीतर अगदी रिती केली, की लवकर म्हातारी होते. शिवाय उतारावर मोटारच वीज तयार करून परत देते. भरल्या घागरीत ती ओतायची कुठे?’’

मला काही पटले नाही. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना माझी नजर आकड्यावरच. पाचगणीला 75 होते. वाईला पाहतो तो 77!

आयुष्यभर घरातली सगळी भांडी मीच काठोकाठ भरीत आलो. त्या दिवशी मात्र काळजी मुलावर सोपवली, आणि कृष्णामाई डोळे भरून पाहिली.