आत्याचा तीळ

माझी आत्या कडगंचीत राहते. कलबुर्गीहून आळंदला जाताना लागणारं हे गाव आता केंद्रीय विद्यापीठामुळे बऱ्याच जणांना माहीत झालंय. आत्याच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि तुरीच्या रानात दोन्हींची मिसळ. गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा ती न्हाणीत पाय धूत होती. डाव्या टाचेवर मला काळा डाग दिसला.

"तीळ हाय गं. तळपायाला तीळ असला की माणूस लई फिरतंय म्हणं. मी तर रानापलीकडं गेले न्हाई!" आत्या हसली.

डागाच्या कडा वेड्यावाकड्या होत्या, रंगही एकसारखा नव्हता. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात त्याला कुरूप ठरवून मलम दिलं होतं. त्वचेचा कर्करोग म्हणजे गोऱ्यांचा, उन्हाचा आजार, असं आपण धरून चालतो. पण मेलॅनोमा आपल्याकडे बऱ्याचदा ऊन न पोचणाऱ्या जागी होतो, तळपायावर नाहीतर नखाखाली. बॉब मार्लेचा पायाच्या अंगठ्यावर होता. 1977 मध्ये कळला, 1981 मध्ये तो गेला, वय 36.

कलबुर्गीत तुकडा काढला. रिपोर्टात लिहून आलं, की नक्की सांगता येत नाही, मार्कर करून घ्या. मेणात बसवलेला तो तुकडा मुंबईला न्यायचं काम माझ्याकडे आलं. बाहेर इतकं ऊन, की मेण मऊ पडेल या धास्तीनं मी तो शेंगाचटणीच्या डब्याशेजारी, कपड्यांच्या घडीत ठेवून रात्रीच्या गाडीनं आणला.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टर मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या नळीतून बघू दिलं. त्या तुकड्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप करतात आणि त्यावर प्रतिपिंडं सोडतात. ती ज्या प्रथिनाला चिकटतात तिथे रंग येतो. एरवी तपकिरी रंग वापरतात. पण मेलॅनिन स्वतःच तपकिरी, म्हणून इथे लाल.

मला वाटलेलं, लाल दिसला की कॅन्सर. तसं नसतं. एस-100 आणि मेलान-ए साध्या तिळातही रंगतात. या रंगपेशी आहेत, एवढंच ते सांगतात. साधू की चोर, ते नाही. एचएमबी-45 साध्या तिळात वरच्या थरात दिसतो आणि खाली उतरताना विरत जातो; मेलॅनोमात तो बऱ्याचदा खोलवरही ठिपक्याठिपक्यांनी राहतो. पी-16 हा पेशीचा ब्रेक, तिळात सहसा शाबूत. केआय-67 वरून किती पेशी विभागताहेत ते कळतं. आणि प्रेम! खरंच, पीआरएएमई या नावाचा उच्चार तसाच होतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगच्या 2018 च्या अभ्यासात त्वचेवरच्या मूळ मेलॅनोमांपैकी सुमारे 83 टक्क्यांत तो सर्वदूर दिसला आणि सुमारे 86 टक्के तीळ पूर्ण कोरे निघाले.

"मग उरलेले?" मी विचारलं.

"म्हणून तर एकट्या मार्करवर विसंबत नाही. आधी पेशींची ठेवण, मग हे साक्षीदार."

साक्ष चुकली तर? तीळ समजून कॅन्सर सोडला तर आत्या जाणार. कॅन्सर समजून तीळ कापला तर रानात राबणाऱ्या बाईची टाच उगाच जाणार. (आपल्या लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यांवर डॉ. खानोलकरांनी 1945 मध्येच लिहिलं होतं. धोतर घट्ट बांधून कमरेवर होणारा त्वचेचा कॅन्सर त्यात होता. अनवाणी टाचेबद्दल ते काय म्हणाले असते, असा विचार त्या आठवड्यात येऊन गेला.)

सहा दिवसांनी रिपोर्ट आला. 'प्रेम' जवळजवळ सगळ्या केंद्रकांत, पी-16 गायब. मेलॅनोमा. पण जाडी 0.6 मिलिमीटर, म्हणजे लवकर सापडलेला. डागाभोवतीची एक सेंटिमीटर कातडी काढली आणि मांडीची कातडी टाचेला लावली.

दिवाळीत गेले तेव्हा आत्या बाजेवर पाय पसरून बसली होती. शेजारी नव्या चपला, अजून कोऱ्या.

"त्यो तीळ कुठं हाय गं आता?"

"मुंबईत. मेणात ठेवलाय."

"बग," ती म्हणाली, "गेला की न्हाई फिरायला!"