दोन इंजिने

मला यंत्रातले ओ की ठो कळत नाही. घरातला पंखा कुरकुरला तरी मी शेजाऱ्याला हाक मारतो. तेव्हा बोटीसाठी इंजिन पसंत करायला मामेभाऊ मलाच बोलावील, असे स्वप्नातही वाटले नव्हते. पण त्याचा मुद्दा बिनतोड होता. "दादा, तू मास्तर हाईस, वर कादंबऱ्या लिवतूस. तुला कळंना तर कुणाला कळायचं?" मॅट्रिकवर शिक्षण थांबलेल्या माणसाला एवढी स्तुती पुरते. मी सोलापूरहून करमाळ्याची एस.टी. पकडली. बरोबर आई होती. तिला माहेर पाहायचे होते.

माहेर पाहायला बोट कशाला, असे कुणी विचारील. आईचे गाव भीमाकाठचे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. गाव यशवंतसागराच्या पोटात गेले. माझा जन्मही त्याच सालचा. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. आईला जायला माहेरच उरले नव्हते. आज सोलापूरच्या नळाला तेच उजनीचे पाणी येते. हंडा भरताना आई कधीकधी उगाच थांबते. मी कारण विचारीत नाही.

काठावर फायबरची छोटी बोट होती आणि लाकडी घोडीवर दोन इंजिने, दोन्ही पंधरा अश्वशक्तीची. एक टू-स्ट्रोक, जुन्यात घेतलेले. दुसरे नवे फोर-स्ट्रोक, विक्रेत्याने दोन दिवस चालवून पाहायला दिलेले. भावाने मला शिकवणी दिली. टू-स्ट्रोकला पेट्रोलातच ऑइल मिसळायचे; त्यातले काही न जळताच पाण्यात जाते आणि मागे तेलाचा तवंग राहतो. पण ते वजनाला हलके, रचनेला साधे. मोटारसायकल दुरुस्त करणारा गावातला पोरगाही ते खोलतो. फोर-स्ट्रोकचे ऑइल वेगळे राहते, धूर नाही, पेट्रोल कमी. मात्र ते जड आणि महाग. भावाचा कल जुन्याकडे होता. खिसाही तिकडेच कलत होता.

असली इंजिने प्रथम घरोघर पोचवणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतला ओले एव्हिनरूड. प्रेयसीसाठी आइस्क्रीम घेऊन तो तळ्यातून वल्हवत निघाला, पोचेपर्यंत ते वितळले, आणि त्यातून त्याला इंजिनाची कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. १९०९ साली त्याने कंपनी काढली. त्या नावाची इंजिने २०२० साली बंद झाली. आईला आइस्क्रीम न्यायचे नव्हते. तिचे जे वितळायचे ते केव्हाच वितळले होते. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने दगडी देऊळ वर येते. मातीचे घर कुठले वर यायला?

पहिल्या दिवशी जुने इंजिन लावले. अंगात जाकिटे घालून निघालो. आवाज असा, की आई काही सांगत होती ते शेजारी बसून मला ऐकू येईना. पलीकडची टेकडी आणि काठावरचा वड एका रेषेत आले, तेव्हा भावाने बोटाने खाली दाखवले. आईने हाताने खूण केली, बंद कर.

"आत्या, बंद केलं तर पुन्यांदा चालू हुईल का न्हाई, कुणी सांगावं? वारं सुटलंय!" तो ओरडला.

त्याचे खरे होते. २०२४ च्या मे महिन्यात याच जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसे गेली. तेव्हापासून या काठावर वाऱ्याची कुणी थट्टा करीत नाही. एक फेरा मारून आम्ही परतलो. आई नाकाला पदर लावून बसली होती.

दुसऱ्या दिवशी वारा पडलेला. नवे इंजिन लावले. त्याच रेषेवर भावाने ते बंद केले. एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आईने पाण्यात हात घातला.

"किती खोल असंल रं?"

"असंल चाळीस फूट."

"आमचा आडबी तेवढाच होता," ती म्हणाली. बराच वेळ पुढे काही बोलली नाही. मग म्हणाली, "चला."

भावाने दोरी ओढली. पहिल्याच हिसक्याला इंजिन लागले.

"मास्तर, कंचं घ्यायचं?"

मी म्हणालो, "नवं." जुन्याचा दोष जातीचा नसेल, वयाचा असेल; पण भर पाण्यात ज्याला निर्धास्तपणे बंद करता येते, तेच इंजिन माझ्या मते चांगले. पुढे नेणारी तर दोन्ही होती.

भाऊ हिशेबात बुडाला. काठाला उतरताना आई त्याला म्हणाली, "कंचंबी घे. पर पुढल्या खेपंला वल्ही घिऊन ये."