आठ भये आणि एक अभय

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतून मालाने भरलेला ट्रक निघतो, तेव्हा मालकाची काळजीही त्याच्यासोबत निघते. अपघात, चोरी, आग, आणि मुदतीत न येणारी रक्कम. व्यापार आणि भय यांची सोबत पुरातन आहे. तिचे एक बोलके शिल्प महाराष्ट्रातच आहे.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या उत्तरेस, बीबी का मकबऱ्यापासून थोड्या अंतरावर, औरंगाबाद लेणी आहेत. त्यांतील सातवे लेणे सुमारे 6 व्या शतकातील मानले जाते. गर्भगृहात भगवान बुद्ध विराजमान आहेत. परंतु ओसरीतच दर्शन घडते ते करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याचे. चीनमध्ये ग्वानयिन आणि जपानमध्ये कान्नोन या नावांनी पूजला जातो तो हाच. त्याच्या दोन्ही बाजूंस मिळून आठ लहान प्रसंग कोरलेले आहेत: आग, शस्त्रधारी शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, मत्त हत्ती आणि मृत्यू. प्रत्येक प्रसंगातील भयग्रस्त माणसे त्याचा धावा करीत आहेत. कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या लेण्यातही हाच विषय आढळतो. जहाजे आणि तांडे यांवर ज्यांचा संसार चालत असे, त्यांना हे शिल्प समजावून सांगावे लागले नसेल. ‘सद्धर्मपुण्डरीक’ या बौद्ध ग्रंथात तर चोरांच्या प्रदेशातून मौल्यवान माल नेणारा व्यापाऱ्यांचा तांडाच या बोधिसत्त्वाचे नाव घेतो.

जैन वाचकास ही यादी परिचित वाटेल. आचार्य मानतुंगांचे भक्तामर स्तोत्र श्वेतांबर परंपरेत 44, तर दिगंबर परंपरेत 48 श्लोकांचे आहे. त्याच्या अखेरीस हत्ती, सिंह, दावानल, सर्प, रणसंग्राम, समुद्र, जलोदर आणि बंधन ही आठ भये येतात. सहा भये तंतोतंत जुळतात. शस्त्राचे भय तेथे रणभूमीच्या रूपाने येते, आणि मृत्यूच्या जागी व्याधी. धर्म निराळे असले, तरी ज्या वाटांवरून माणसे चालत होती त्या एकच होत्या.

मात्र एक भेद मूलभूत आहे. अवलोकितेश्वर हाक ऐकून धावून येतो. भगवान आदिनाथ वीतराग आहेत. ते कोणाच्या साहाय्यास येत नाहीत. त्यांच्या स्मरणाने भक्ताचे चित्त निर्मळ होते आणि भय ओसरते, अशी जैन श्रद्धा आहे. मग संकटातील माणसाकडे धावून कोणी जावे? जैन परंपरेने त्याचे उत्तर श्रावकावरच सोपविले आहे. आहार, औषध आणि शास्त्र यांच्या बरोबरीने तिने अभयदान सांगितले.

अभयदानाचा विचार बहुधा मुक्या प्राण्यांपुरता होतो. पांजरपोळास देणगी दिली की कर्तव्य संपल्यासारखे वाटते. परंतु पेढीच्या पायरीशी थकबाकीदार दुकानदार मान खाली घालून उभा असतो, तेव्हा त्याच्या मनातील भय या आठांहून लहान नसते. त्याची सारी रक्कम सोडून देणे व्यवहारात नेहमी शक्य नसते. पण मुदत वाढविणे, हप्ता झेपेल असा बांधून देणे, आणि चारचौघांत त्याचा पाणउतारा न करणे एवढे शक्य असते. पहाटे भक्तामर म्हणणाऱ्या व्यापाऱ्याची खरी परीक्षा दुपारी, खातेवही उघडल्यावर होते.