खर्जाच्या पायाशी

बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंपते. माणसाच्या कानाची हद्द सुरू होते २० च्या आसपास, त्यामुळे हा स्वर कानापेक्षा अंगाला आधी कळतो. मंचाच्या फळ्यांतून, खुर्चीच्या पाठीतून तो छातीपर्यंत चढत येतो. ड्रमच्या पायठोक्याला धरून चालायचे आणि वरच्या सगळ्या सुरांना उभे राहायला जमीन द्यायची, हे त्याचे काम. गाणे ऐकणाऱ्या पुष्कळांना बेस वाजतो आहे हे जाणवतही नाही. तो थांबला की गाणे पोकळ झाल्याचे मात्र सगळ्यांना जाणवते.

बेसचा हा आवाज बदलणारे पेडल म्हणजे गिटार आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये, जमिनीवर ठेवायची धातूची लहानशी पेटी. एका बाजूने केबल आत येते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. माथ्यावर दोन-चार नॉब आणि पायाने दाबायचा स्विच. नव्याने बेस हाती घेतलेल्याला दुकानातल्या काचेमागे अशा रंगीबेरंगी पेट्यांच्या रांगा दिसतात. त्यांतल्या बहुतेक सहा तारांच्या गिटारसाठी बनवलेल्या असतात. म्हणून पेटी आवाजात काय भर घालते हे पाहण्याआधी बेसवाल्याने ती तळातून काय काढून घेते ते ऐकावे. पहिल्या पेडलची सगळी निवड या एका ऐकण्यावर उभी आहे.

गिटार घडवणारे लिओ फेंडर यांनी प्रिसिजन हा विजेवरचा बेस बाजारात आणला १९५१ मध्ये. त्याला दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत १९६० मध्ये गायक मार्टी रॉबिन्स यांचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे मुद्रित होत होते. ग्रेडी मार्टिन सहा तारांच्या बेसवर मधला तुकडा वाजवत असताना कन्सोलमधला एक भाग बिघडला आणि गोल, मऊ खर्जाऐवजी घशात खरखर अडकल्यासारखा फाटका आवाज टेपवर उतरला. तो तसाच राहू दिला गेला, आणि १९६१ मध्ये ते गाणे अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच बिघाड ट्रान्झिस्टरांनी मुद्दाम घडवून आणणारे सर्किट सिद्ध केले. गिब्सन कंपनीने ते १९६२ मध्ये ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विकायला काढले. त्याच सुमारास गिब्सनच्या एका बेसच्या अंगातच हा फाटका आवाज, म्हणजे फझ, बसवलेला होता. गिटारवादक कीथ रिचर्ड्स यांनी १९६५ मध्ये ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात फझ-टोनची पेटी वापरली आणि फझ गिटारवाल्यांचा झाला. पण तो आवाज पहिल्यांदा गाजला बेसच्या तारेवरून, हे बेस शिकणाऱ्याने अभिमानाने लक्षात ठेवावे.

त्याच १९६५ मध्ये बीटल्सच्या ‘रबर सोल’ या तबकडीवरच्या ‘थिंक फॉर युअरसेल्फ’साठी पॉल मॅकार्टनी यांनी बेस दोनदा वाजवला, एकदा साधा आणि एकदा फझमधून. फाटका आवाज वर गुरगुरत राहतो. साधा आवाज खाली शांतपणे वजन पेलतो. बेसचे पेडल कसे असावे याचे उत्तर त्या दोन थरांत सापडते.

आवाज फाटतो म्हणजे काय होते? विजेच्या लाटेला सर्किटच्या मर्यादेपेक्षा उंच ढकलले की तिचे माथे छाटले जातात. छाटलेल्या कडांतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर उगवतात: ४१ च्या जोडीला ८२, १२३, १६४ आणि त्यांच्याही वर कितीतरी. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो, गवई तारेखाली सुताचा धागा सरकवतो, आणि त्या निसटत्या स्पर्शातून स्वराभोवती झळाळी उभी राहते. पेडलमधला फाटका आवाज हा त्या झळाळीचा विजेवर चालणारा दूरचा नातलग. बेसला या उपस्वरांचा मोठा आधार असतो. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडू शकत नाहीत. पण वरचे उपस्वर कानी पडले की त्यांच्यामधल्या सारख्या अंतरावरून मेंदू गैरहजर असलेला मूळ स्वर स्वतः रचून घेतो. स्वच्छ वाजवलेला बेस जिथे पार नाहीसा होतो, तिथे किंचित खरखरीत बेस ओळखू येतो तो यामुळे.

अडचण पुढे आहे. गिटारसाठी बनवलेली ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारी, पेडल्स तळाचा भाग मुद्दाम कमी करतात. आयबनेझच्या प्रसिद्ध ट्यूब स्क्रीमरमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खाली लाट जितकी खाली जाते तितकी ती कमी वाढवली जाते. गिटारवाल्याला ते हवेच असते, कारण तळाची जागा बेसची. बेसवाल्याने मात्र तेच पेडल लावले तर आवाजाला धार येते आणि जमीन जाते. घरी एकट्याने वाजवताना ही चूक कळत नाही, उलट आवाज भरदार वाटतो. ड्रम आणि दोन गिटार सोबत आले की मग बेस कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही.

बेससाठी केलेल्या चांगल्या पेडलवर म्हणून ‘ब्लेंड’ नावाचा नॉब असतो. तो स्वच्छ आवाज आणि फाटका आवाज यांचे प्रमाण ठरवतो. १९६५ मध्ये जे दोन वेगळ्या वादनांनी साधले, ते एका नॉबवर येते. टेक २१ कंपनीचा ‘सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय’, फिनलंडच्या डार्कग्लासची पेडल्स, एमएक्सआरचे ‘बेस डीआय प्लस’ ही या जातीची नावाजलेली उदाहरणे. स्वस्तातही याच घाटाच्या पेट्या मिळतात. त्यांतल्या अनेकांना मिक्सरला थेट जोडता येणारे डीआय आउटपुटही असते. आपल्याकडच्या कॉलेजच्या महोत्सवात किंवा लहान सभागृहात बेसचा स्वतंत्र अँप असेलच असे नाही. तिथे बेसची केबल सरळ मिक्सरकडे जाते, आणि अशा वेळी ही पेटी अँपचे काम अंगावर घेते. आवाजाचा रंग, खर्ज-मध्य-तार यांचे नियंत्रण आणि थेट जोडणी हे तिन्ही एकत्र देणारी प्रीअँप-ओव्हरड्राइव्ह पेटी नवशिक्याने पहिली घ्यावी, हे ठामपणे म्हणता येते. फाटण्याचे प्रमाण ठरवणारा ड्राइव्हचा नॉब सुरुवातीला इतकाच वर न्यावा की हलक्या हाताने स्वर स्वच्छ राहील आणि जोर दिला की कडेला किंचित फाटेल. मग पेटी बोटांना उत्तर देऊ लागते.

तिच्याही आधी ट्यूनर हवा, पण त्यावर फार बोलण्याची गरज नाही. तार जुळलेली नसेल तर पुढचे सारे व्यर्थ. बॉस कंपनीने १९९८ मध्ये टीयू-२ आणल्यापासून पायाशी ठेवायचा ट्यूनर सर्वत्र दिसतो. स्विच दाबला की आवाज बंद होतो आणि दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत निमूटपणे तार जुळवता येते. खिसा हलका असेल तर गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनरही चालतो.

कॉम्प्रेसरचा प्रश्न अधिक नाजूक. अनुभवी वादक पुष्कळदा नवशिक्याला पहिला कॉम्प्रेसरच सुचवतात. त्याचे काम असे: आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो दाबायचा. प्रमाण चारास एक असेल तर पातळीच्या वर चार डेसिबल गेलेला स्वर एकच डेसिबल वर जातो. मोठे स्वर खाली येतात, एकूण आवाज वर उचलला की लहान स्वर पुढे येतात, आणि ओळ घोटून गुळगुळीत होते. ‘अटॅक’चा नॉब हा दाब किती लवकर सुरू व्हावा ते ठरवतो, तो फार जलद ठेवला तर बोट तारेवरून सुटतानाचा टणत्कार मरतो आणि बेस कापसात गुंडाळल्यासारखा वाटू लागतो. ध्वनिमुद्रणात, आणि अंगठ्याने ठोकून वाजवण्याच्या स्लॅप शैलीत, कॉम्प्रेसर फार उपयोगी आहे. पण शिकणाऱ्याच्या हाताचा असमानपणा तो झाकतो. तर्जनी जड पडते, मधले बोट हलके पडते, हे ऐकू आले नाही तर हात ते सुधारणार तरी कसा? मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवत, पेडल न लावता, केबल सरळ कन्सोलला जोडून. त्या वादनातला उठाव आणि उतार बोटातूनच येई. निदान पहिले वर्ष तरी कॉम्प्रेसर दुकानातच राहू द्यावा.

बाकीच्या पेट्यांचे आकर्षण मोठे असते आणि ते समजण्यासारखे आहे. १९७२ मध्ये निघालेल्या म्यूट्रॉन-थ्री या एन्व्हलप फिल्टरमधून बूट्सी कॉलिन्स यांचा बेस फंक संगीतात अक्षरशः बोलू लागला. तार जितक्या जोरात छेडावी तितके फिल्टरचे तोंड उघडते. बॉसचा १९८२ चा ओसी-२ हा ऑक्टेव्ह मूळ स्वराखाली आणखी एका सप्तकाची सावली टाकतो. त्याच्यासाठी मात्र वरच्या पडद्यांवर एका वेळी एकच स्वर वाजवावा लागतो: मोकळ्या जाड तारेच्या खालचे सप्तक २० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ऐकण्याच्या उंबरठ्यावर येते आणि यंत्रही तिथे अडखळते. कोरस स्वराला पाण्यावरच्या प्रतिबिंबासारखा हलवतो. १९८३ मध्ये मेटालिकाच्या पहिल्या तबकडीवर क्लिफ बर्टन यांनी फझ आणि वाह या पेडलांतून वाजवलेले एकल वादन आजही बेसवाल्यांना वेड लावते. हे सगळे रंग विशिष्ट गाण्यासाठी आहेत, तेव्हा आधी गाणे ठरावे आणि मग पेटी. कोणता रंग भावतो हेच कळत नसेल तर झूम बी-वन फोरसारखे मल्टी-इफेक्ट घ्यावे. त्यात ट्यूनर, ताल आणि अनेक परिणाम एकत्र येतात, आणि थोड्याच महिन्यांत कशाला पुन्हा पुन्हा हात जातो ते आपोआप उघड होते.

दुकानात जाताना स्वतःचा बेस न्यावा. मुंबईत धोबी तलावच्या फुर्तादोससारख्या जुन्या दुकानांत पेडल लावून पाहता येते. शहरात अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशनसारखे पेडल घडवणारेही आहेत. पेडल गिटारच्या अँपवर ऐकू नये, बेसच्या अँपवरच ऐकावे, आणि सर्वांत जाड तारेवर. आधी पेटी चालू असताना आणि बंद असताना आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, कारण कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो आणि विक्रीच्या टेबलावर तिथेच फसगत होते. मग स्विच दाबून, सोडून, पुन्हा दाबून खालचा स्वर बारीक होतो का ते ऐकावे.

विजेकडे दुर्लक्ष करू नये. बहुतेक पेडल्स ९ व्होल्टवर चालतात आणि अॅडॉप्टरच्या टोकाचा मधला भाग ऋण असतो. काही जुन्या घाटाच्या फझ पेट्यांत नेमके उलटे असते, म्हणून पेटीवरचे चिन्ह पाहूनच जोडावे. व्होल्ट तंतोतंत जुळावेत. मिलिअँपिअर पेटीच्या गरजेइतके किंवा त्याहून जास्त असावेत. साध्या पेटीला काही मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल पेटीला शंभराच्या वर लागू शकतात. बॅटरीवर चालवताना वाजवून झाले की इनपुटमधली केबल काढावी, कारण ती जोडलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

पुढे दुसरी, तिसरी पेटी आली की क्रमाचा प्रश्न येतो. रूढ क्रम असा: बेसमधून ट्यूनर, मग ऑक्टेव्ह आणि फिल्टर, त्यांच्यानंतर ओव्हरड्राइव्ह, मग कोरस, आणि शेवटी अँप किंवा मिक्सर. ऑक्टेव्ह आधी असतो कारण त्याला स्वर ओळखायला स्वच्छ लाट लागते. फिल्टर आधी असतो कारण तो बोटांच्या जोरावर उघडतो आणि ओव्हरड्राइव्ह तो चढउतार सपाट करतो. कॉम्प्रेसर घेतलाच तर तो ओव्हरड्राइव्हच्या आधी लावणारे अधिक, नंतर लावणारेही आहेत; आधी लावला तर फाटणे एकसारखे होते, नंतर लावला तर फाटलेल्या आवाजाची उंची आवरली जाते.