आधी ‘हरले’ म्हण

सकाळचा चहा संपतो तोवर माझं शब्दकोडं निम्मं झालेलं असतं. उरलेलं निम्मं दिवसभर माझ्या मागे असतं. भाजी निवडताना, रिक्षात बसताना मध्येच एखादा शब्द मनात उडी मारतो आणि घरी येऊन मी तो पेन्सिलीनं भरते. पण चार-पाच घरं हट्टानं पांढरी राहतातच. मग संध्याकाळी कधीतरी हात फोनकडे जातो, आणि बोट टेकायच्या आत मन विचारतं, ही कॉपी नाही का गं?

साताऱ्याच्या घरात या बाबतीत माझ्या वडिलांचा, अप्पांचा, कायदा पक्का होता. शब्दकोश पाहिलेला चालेल. पुठ्ठा सुटलेला एक जाडजूड कोश त्यासाठी खुर्चीच्या पायाशीच असे. पण ‘उत्तर उद्याच्या अंकात’ म्हणून कालचं कोडं आज बघून पुरं करायचं, हा रडीचा डाव. अर्धवट राहिलेलं कोडं अप्पा तसंच रद्दीत टाकत, आणि रद्दीवाला येईपर्यंत ते त्यांना सलत असे.

पुढे वाचनात आलं की कोडं आणि कोश यांचं लग्न जन्मापासूनचं आहे. लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेल्या आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात शंकरपाळ्याच्या आकाराचं पहिलं शब्दकोडं छापलं. 1924 साली सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकांनी कोड्यांचं पहिलं पुस्तक काढलं, सोबत पेन्सिल बांधून. त्यानंतर अमेरिकेला असं काही वेड लागलं की बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनं प्रवाशांसाठी गाडीत शब्दकोश ठेवले. तिथं कुणी त्याला लबाडी म्हटलं नसावं. मला मात्र सगळ्यात आवडते ती वेगळीच गोष्ट. विनच्या त्या पहिल्या कोड्यात वरच्या टोकाजवळची तीन घरं छापतानाच भरलेली होती, आणि शब्द होता ‘फन’. मजा! म्हणजे जगातल्या पहिल्या शब्दकोड्यानं एक उत्तर फुकटच देऊन टाकलं होतं.

मराठी कोड्यात तर कोश उघडून फारसं साधतही नाही. आपल्याकडे एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘स्वातंत्र्य’ मिळवायला किती का वर्षं लागेनात, कोड्यात ते तीन घरांत मावतं. त्यात कोडी रचणाऱ्यांचं संस्कृतवर भारी प्रेम. ‘कमळ, तीन अक्षरी’ असं आलं की माझ्या पोटात गोळा येतो. नलिन, सरोज, पंकज, नीरज, अंबुज, वारिज, जलज. तलावभर कमळं आणि सगळी तीन पाकळ्यांची! उभ्या शब्दावरून शेवटचा ‘ज’ सापडला म्हणून खूश व्हावं, तर फक्त नलिन गळतं, सहा तशीच डोलत राहतात. कोश सगळी कमळं ओंजळीत देतो. यातलं कुठलं, ते आडव्याला छेदणारा उभाच सांगणार.

कोश अगदीच लाचार होई ती कोडी वेगळी. पूर्वी प्रवेश फी भरून पैशांच्या बक्षिसाची कोडी सोडवायची साथ होती. ‘आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स’चा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथं बरोबर उत्तर म्हणजे संपादकाकडच्या मोहोरबंद पाकिटातल्या उत्तराशी जुळणारं उत्तर. पाकिटात काय आहे हे बृहस्पतीलाही कळायचं नाही! 1955 च्या कायद्यानं अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला 1000 रुपयांची मर्यादा घातली. 1957 मध्ये न्यायालयानं सांगितलं की जुगार हा काही व्यापार नव्हे. आमच्या घरातल्या कोड्यावर कधी दमडीही लागली नाही, पण अप्पांचा कायदा तिथल्याहून कडक होता.

त्या कायद्याला एक भगदाड मात्र होतं, आणि ते स्वयंपाकघराच्या दिशेनं होतं.

अप्पा कचेरीतले. संस्कृत उत्तम, पुराणं पाठ. अर्जुनाची दहा नावं विचारा, घडाघडा म्हणत. पण ‘घागरीखाली डोक्यावर ठेवायचं कापडाचं वेटोळं’ असं काही आलं की पेन्सिल कानामागे जाई. मग ते कुणालाच न विचारल्यासारखं मोठ्यानं वाचत, “तीन अक्षरी… शेवटी ळ…” आतून फोडणीच्या आवाजावर आईचा आवाज येई, “चुंबळ.” ‘चुलीच्या शेजारची जोडचूल, दोन अक्षरी.’ “वैल.” ‘तांदूळ धुवायची बांबूची टोपली.’ “रोवळी. आणि दूध उतू जातंय का तेवढं बघा, माझे हात पिठाचे आहेत.” अप्पा दुधाकडे बघत नसत, रोवळी लिहीत. संध्याकाळी शेजारचे काका आले की अप्पा अंक पुढे करत, “आजचं पुरं सोडवलं.” मी सोडवलं, असं ते म्हणत नसत. मराठीत कर्ता गाळता येतो, ही मोठी सोय आहे.

आईला कोडी नवी नव्हती. दिवे गेले की ती आम्हा भावंडांना कोडी घाली. विहीर, दिवा, कांदा, लसूण, सुईदोरा. तिची सगळी कोडी हाताशी असलेल्या वस्तूंची. उत्तर आलं नाही की आम्ही तिला चिकटायचो, सांग ना, सांग ना. ती सांगत नसे. “आधी ‘हरले’ म्हण.” तो शब्द ओठांवर यायला फार जड जाई. माझा धाकटा भाऊ तर न हरता झोपून जाई आणि सकाळी तोंड न धुता पुन्हा तेच कोडं विचारी. पण एकदा ‘हरले’ म्हटलं की उत्तर रीतसर आपलं व्हायचं. दुसऱ्या दिवशी शाळेत ते कोडं आपण ऐटीत दुसऱ्याला घालायचं, कुणी चोरी म्हणत नसे.

अप्पांना मात्र तिनं कधी ‘हरलो’ म्हणायला लावलं नाही. उत्तरं तशीच दिली, पोळी लाटता लाटता. त्याचा तिला राग होता का, हे मी परवा विचारलं. ती म्हणाली, “अगं, त्यांना येत नव्हतं हे मला कळत होतं. तेवढं बास होतं.”

अप्पा गेल्यावर कोड्याचं पान माझ्याकडे आलं. कोशही आला, पण आता तो फडताळात असतो. मोल्सवर्थचा 1857 सालचा कोश फोनवर उघडतो. हा मोल्सवर्थ कंपनीच्या फौजेतला कॅप्टन. त्यानं तरी काय केलं? पंडितांना विचारून विचारूनच रकाने भरले. त्याला कुणी कॉपी म्हणत नाही, उलट दीडशेहून जास्त वर्षं आपण त्याच्याच पदरात शब्द शोधतो. माझी रीत मी अशी ठेवली आहे: स्वतःला आलेलं पेन्सिलीनं, शोधलेलं किंवा विचारलेलं लाल शाईनं. काही दिवशी पान इतकं लाल होतं की गणिताची वही वाटते. ते कुणाला दाखवायला लाज वाटते, हे खरं. तरीही लाल पेन बदललेलं नाही.

आजच्या कोड्यात दोनच घरं राहिली आहेत. ‘सुपात घेऊन धान्य साफ करणे, चार अक्षरी.’ शेवटचं ‘डणे’ मिळालं आहे. पाखडणे बसतं, आसडणेही बसतं. पहिल्या अक्षराला उभा शब्द नाही, दुसऱ्याचा उभा अजून सुटलेला नाही. दोन्ही शब्द कोशात आहेत, दोन्हींचे अर्थ मी दोनदा वाचले, आणि दोन्हींत सूपच हलतं आहे. कुठल्यात मनगट वर उडतं आणि कुठल्यात नुसतं हिसडतं, ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे धान्य निवडूनच येतं.

आई आत झोपली आहे. चार वाजता चहाला उठेल. लाल पेन काढून ठेवलं आहे.